परवाना असलेल्या सावकाराने रान बायकोच्या नावावर खरेदी करून घेतलंय. तक्रार कुठं करायची?

पूर्वभागची_लेक

नमस्कार. माझं माहेर तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात, सासर विट्यात. विषय माहेरच्या रानाचा आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, सत्तरी ओलांडलेले. त्यांना हे सगळं लिहिणं जमणार नाही म्हणून मी विचारतेय. जरा लांबलचक होईल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबेना, ते साल द्राक्षवाल्यांना आठवत असेल. फळछाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि रोज पाऊस. दावण्या (बुरशीचा रोग) आला, घड कुजून खाली पडायला लागले. रानात ट्रॅक्टर शिरत नव्हता म्हणून भाऊ आणि आण्णा पाठीवर पंप घेऊन औषध मारत होते. औषध दुकानाची उधारी वाढत गेली. सोसायटीचं कर्ज आधीच थकलेलं, त्यामुळं तिथून नवीन काही मिळणार नव्हतं. अशा वेळी आण्णांनी शहरातल्या एका सराफाकडून 4 लाख उचलले. महिना 5 टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज कापून हातात 3 लाख 80 हजार.

पैसे द्यायच्या आधी त्यानं आण्णांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. 30 गुंठ्यांची मुदत खरेदी करायची, पैसे फिटले की परत लिहून देतो, असं तोंडी बोलणं. दस्त मी आता मागवून वाचला. साधं खुशखरेदीचं खरेदीखत आहे, मुदतीचा शब्द कुठंही नाही. किंमत 6 लाख, "रोख मिळाली, भरून पावली". खरेदी घेणार सराफाची बायको. वर दोन कोरे चेक आणि 100 रुपयांच्या कोऱ्या स्टॅम्पवर सह्या.

रान आजही आम्हीच कसतो. बाग आमची, ठिबक आमचं, विहिरीवरच्या मोटरचं बिल आण्णांच्या नावावर. सातबारावर तेवढं तिचं नाव चढलंय.

2023 च्या दिवाळीपर्यंत व्याज दिलं. महिन्याला 20 हजार, कधी रोख, कधी भावाच्या फोनपेवरून. लॉकडाऊनमध्ये द्राक्षं 15 रुपयांनी घालावी लागली तेव्हा काही महिने जमलं नाही, तर ते व्याज त्यानं मुद्दलात चढवलं. पावती एकदाही नाही. आई मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायची: "20 दिले, बाळू घेऊन गेला." ती सगळी कॅलेंडरं तिनं ट्रंकेत जपून ठेवलीत. बेरीज साडेसात लाखांच्या आसपास जाते.

आता तो म्हणतो 9 लाख आणा, नाहीतर रान दुसऱ्याला देतो. गेल्या महिन्यात दोन अनोळखी माणसं बांधावर उभी राहून बाग बघून गेली. तेव्हापासून आण्णा नीट जेवत नाहीत.

भावाचं म्हणणं, गप्प बसायचं आणि कुठूनतरी पैसे उभे करून सोडवून घ्यायचं. कारण त्या दुकानात सावकारीचा परवाना फ्रेम करून लावलाय, म्हणजे सरकारच त्याच्या मागं उभं आहे. खरंच असं असतं का? परवाना असला की कितीही टक्के आणि कसलाही कागद चालतो का? आणि नोंदणी झालेलं खरेदीखत कुणी रद्द करू शकतं का?

---

कडेगावचा_गडी

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. खरेदीखत झालं, फेरफार झाला, सातबारा झाला, विषय संपला. आमच्याकडं दोघांनी कोर्टात घातलं, दहा वर्षं चाललंय. गावातली चार वजनदार माणसं मध्ये घाला, 9 चे 6 करून घ्या आणि रान सोडवा. कोर्टात जास्त जाईल.

---

सावकारी_टेबल (निवृत्त)

वरच्या भावांनी काळजीपोटी सांगितलंय, पण विषय संपलेला नाही. असं समजून लोक गप्प बसतात, त्यातच रानं जातात. म्हणून सविस्तर लिहितो.

मी सहकार खात्यातून निवृत्त झालो. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांत नोकरी झाली आणि त्यातली बरीच वर्षं सावकारीचं टेबल माझ्याकडे होतं. सावकारांना परवाना देणं, त्यांचं दप्तर तपासणं आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी बघणं हे काम आपल्याकडे सहकार खात्याचं आहे. तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सगळ्यात वर पुण्याला सहकार आयुक्त. पुष्कळ लोकांना हेच माहीत नसतं. ते तहसीलला जातात, पोलीस स्टेशनला जातात, तिथून "हे आमच्याकडं येत नाही" ऐकून परत येतात.

आधी परवान्याचं. 1946 चा जुना कायदा जाऊन महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 आला. परवान्यावर कुणाचं नाव आहे, धंद्याची जागा कुठली आणि कार्यक्षेत्र कोणतं, हे लिहिलेलं असतं. त्या क्षेत्राबाहेर त्याला सावकारी करता येत नाही. व्याजाचे दर सरकारनं 2014 सालीच ठरवून दिलेत. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्के. बाकीच्यांना तारणावर 15, विनातारण 18. वर्षाला, महिन्याला नव्हे. तुमच्या 4 लाखांवर कायद्यानं वर्षाचं व्याज 36 हजार होतं. त्यानं वर्षाला 2 लाख 40 हजाराचा दर लावला. त्याशिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायला बंदी आहे. साडेसात लाख देऊन झालेत म्हणजे ती रेघ केव्हाच ओलांडली. प्रत्येक वसुलीची पावती देणं आणि कर्जाचं लेखी विवरण देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. रकमा न भरलेल्या कोऱ्या कागदावर सही घेणं तर सरळ गुन्हा. परवान्यानं यातली एकही सूट मिळत नाही.

मग खात्याला हे दिसत कसं नाही, असं तुम्ही विचाराल. तपासणीला आम्ही जायचो तेव्हा कीर्द, खतावणी, तारण पावत्यांची पुस्तकं समोर यायची. सोन्याचे छोटे छोटे व्यवहार, कुणाचं मंगळसूत्र, कुणाच्या पाटल्या, दर कायद्यातला, सह्या जिथल्या तिथं. दप्तर लख्ख. दोनशे पानं चाळली तरी त्यात शेतजमिनीचा एक व्यवहार सापडायचा नाही, कारण तो त्या पुस्तकात लिहिलेलाच नसतो. दुसरी वही दुकानात नसते. ती घरी कपाटात, नाहीतर साडूकडे. कायद्यानं आम्हाला झडती घ्यायचा अधिकार दिलाय, पण कुणाच्या घरी आणि कशासाठी जायचं हे कर्जदारच सांगू शकतो. कर्जदार लेखी दिल्याशिवाय हलत नाही आणि लेखी द्यायला घाबरतो. माझ्या पाहण्यात परवान्याच्या आडून चालणारी सावकारी या एकाच जोरावर टिकली. मला नोकरीत सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच. तपासणी अहवालात "दप्तर योग्य आढळले" असं लिहायचं आणि बाहेर चहाच्या टपरीवर त्याच सावकाराचे पाच टक्के, सात टक्के कानावर यायचे.

आता तुमच्या रानाचं. या कायद्याचं कलम 18 शोधून वाचा. सावकारीच्या व्यवहारातून स्थावर मालमत्ता सावकाराकडे गेली असेल, मग ती खरेदीनं, गहाणानं, भाडेपट्ट्यानं किंवा कशीही, आणि व्यवहाराला 15 वर्षं झालेली नसतील, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून तो दस्त अवैध जाहीर करू शकतात आणि मालमत्ता कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत द्यायचा आदेश देऊ शकतात. नोंदणी झालेलं खरेदीखत असलं तरी. 2019 चा दस्त म्हणजे तुम्ही मुदतीत आहात.

खरेदीखताच्या आड गहाण लपवायची चाल आजची नाही. 1879 साली इंग्रजांनी डेक्कन शेतकरी कर्जनिवारण कायदा आणला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी, आणि तुमचं तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. कागदावर काय लिहिलंय यापलीकडं जाऊन खरा व्यवहार काय होता हे बघण्याची सोय पुढं त्याही कायद्यात करावी लागली. कलम 18 मध्ये नेमकं तेच बघतात.

अर्जाला हे जोडा: खरेदीखताची प्रत, सूची 2 (नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा उतारा), 2019 च्या आधीचा आणि आताचा सातबारा, पीकपाहणीचे उतारे, मोटरची वीजबिलं, द्राक्ष व्यापाऱ्याच्या किंवा बेदाणा अडत्याच्या पट्ट्या, फोनपेच्या नोंदी असलेलं बँकेचं स्टेटमेंट. त्या वर्षीच्या रेडी रेकनरनं (सरकारी दरानं) 30 गुंठे बागायतीची किंमत किती होत होती तेही काढा. आणि आईंची कॅलेंडरं. त्यांच्या अक्षरातली तशीच्या तशी ठेवा, नवीन काही लिहू नका, पुसू नका. अस्सल स्वतःकडे, अर्जाला झेरॉक्स.

एक क्रम पाळा. बरेच लोक आधी वकिलाची नोटीस पाठवतात. नोटीस मिळाली की सावकाराच्या घरातली कागदं त्याच रात्री हलतात. त्याऐवजी सहायक निबंधकांकडे आधी तक्रार द्या आणि कलम 16 खाली झडती घ्यावी अशी स्पष्ट मागणी लिहा. अमुक ठिकाणी दुकान, अमुक ठिकाणी घर, आमचे दोन चेक अमुक बँकेचे, नंबर हे, सही केलेला स्टॅम्प. चेक नंबर पासबुकावरून किंवा बँकेतून निघतात. अशा झडतीत पोलीस आणि पंच बरोबर असतात. मी स्वतः ज्या झडत्यांना होतो तिथं दुसऱ्यांचे कोरे चेक, बाँड, सातबारे, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे सह्या केलेले टी.टी.ओ. फॉर्म एकेका पिशवीत सापडलेत. पंचनाम्यात तुमच्या चेकचा नंबर आला की पुढं त्याला तोंडी काहीही सांगता येत नाही.

---

अ‍ॅड_मिरज

काकांनी खात्याची बाजू चांगली मांडली. मी कोर्टाच्या बाजूनं थोडं.

कडेगावच्या भावांचा अनुभव खरा आहे, पण ते दावे बहुधा दिवाणी कोर्टात असणार. तिथं हा विषय अवघड होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणं मुदत खरेदी म्हणजे गहाण ठरायला, परत देण्याची अट त्याच दस्तात असावी लागते. तुमच्या दस्तात ती नाही. नोंदणीकृत दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा द्यायलाही पुरावा कायद्याच्या मर्यादा आहेत. म्हणून तुमच्यासाठी कलम 18 चा मार्ग जवळचा.

तिथं मुख्य प्रश्न एकच येतो: हा व्यवहार सावकारीच्या ओघातला आहे का? समोरचा वकील म्हणणार, आमच्या पक्षकार बाईंनी रीतसर 6 लाखांना जमीन घेतली, त्यांचा सावकारीशी संबंध नाही. याला तुमच्याकडे उत्तर आहे. जमीन विकणारा माणूस, विकल्यानंतर चार वर्षं, खरेदी घेणाऱ्या बाईच्या नवऱ्याला दरमहा 20 हजार कशाचे पाठवत होता? फोनपेच्या नोंदी कुणाच्या खात्यावर गेल्यात ते आधी बघा. सराफाच्या खात्यावर असतील तर हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद.

आणि भाऊ ज्या परवान्याला घाबरतात तो तुमच्याच उपयोगाचा आहे. परवाना नसलेला माणूस निदान म्हणू शकतो की मी ओळखीत एकदा हातउसने दिले, माझा तो धंदा नाही. एखाद्या वेळच्या उसनवारीला कोर्ट सावकारी म्हणत नाहीत. याला तसं म्हणताच येणार नाही. त्याचा धंदा सावकारी आहे हे त्यानं स्वतः सरकारला लिहून दिलंय. परवान्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागा.

चेकबद्दल. तो चेक भरून बाउन्स करून कलम 138 ची नोटीस पाठवेल ही शक्यता धरून चाला. नोटीस आली तर 15 दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. घाबरून पाकीट परत पाठवू नका. चेक कोरा होता, सावकारीच्या तारणाचा होता, इतकी रक्कम आधीच दिली आहे, हे पहिल्याच उत्तरात यायला हवं. तुम्ही आधी खात्याकडे तक्रार केलेली असेल आणि त्यात चेक नंबर असतील तर ते उत्तर नंतर सुचलेलं वाटत नाही. परवाना नसताना दिलेल्या कर्जाच्या वसुलीचा दावा कोर्ट मंजूर करू शकत नाही, हे कलम 13. तुमच्या गावापुरता त्याचा परवाना लागू होता का, ते म्हणून तपासा.

दमदाटी झाली, माणसं रानात शिरली, तर ती तक्रार मात्र पोलिसांत. तारीख, वेळ, कोण होतं. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कर्जदाराला छळण्याचंही वेगळं कलम आहे.

रान तिसऱ्याला विकलं जाऊ नये म्हणून स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, की या गटाबाबत सावकारी कायद्याखाली तक्रार प्रलंबित आहे. आईंच्या नावानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला तर वकील मोफत मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

---

माणदेशी

आम्ही यातून गेलोय, म्हणून लिहितो. माण तालुका, सातारा. आमचं बागायत नव्हतं, दीड एकर ज्वारी-बाजरीचं रान आणि एक विहीर. वडिलांनी बहिणीच्या लग्नाला दीड लाख घेतले होते, त्याच पद्धतीनं खरेदी दिली होती. तो सावकार विनापरवाना होता. पण कागद करायची तऱ्हा तुमच्याकडच्यासारखीच.

आमचा निकाल आमच्या बाजूनं लागला. पण सोपं होतं असं सांगणार नाही. पहिल्या तारखेला समोरून गावातलेच दोघं साक्षीला आले. त्यातला एक आमच्या भावकीतला. त्यानं सांगितलं की खरेदी खरी आहे, पैसे माझ्यासमोर मोजले. वडील तिथंच खाली बसले. घरी आल्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. कागदांपेक्षा हे जड गेलं.

तरी साक्षीदारांनी निकाल फिरला नाही. अधिकाऱ्यांनी सावकाराला विचारलं, जमीन तुमची, तर विहिरीत पाणी किती परसावर (किती खोलीवर) लागतं? मोटर किती एचपीची? त्याला सांगता आलं नाही. वडिलांनी विहिरीच्या कपारी कुठं कुठं आहेत तेसुद्धा सांगितलं. पीकपाहणीला सलग वडिलांचं नाव होतं. दस्तातली किंमत सरकारी भावाच्या निम्मीसुद्धा नव्हती. आदेशात या सगळ्याचा उल्लेख आहे.

पुढं त्यानं विभागीय सहनिबंधकांकडं अपील केलं, ते फेटाळलं. त्यानंतर हायकोर्टात जातो म्हणून बरेच दिवस धमकावत होता. गेला नाही. गेला असता तर तेव्हा मुंबई गाठावी लागली असती. आता सातारा-सांगलीवाल्यांना कोल्हापूरचं सर्किट बेंच झालंय, ऑगस्ट 2025 पासून, तेवढा हेलपाटा कमी.

आदेश झाल्यावर फेरफार करून घ्यायला परत पाठपुरावा लागला. ते काम आपोआप होत नाही.

ताई, तुमच्या भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर इथं निरोप टाका. भीती काय असते ते मला माहीत आहे. माझ्या थोरल्या भावानंही पहिलं वर्ष अर्जावर सही केली नव्हती.

---

पूर्वभागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कलम 18 चा भाग परत वाच म्हणाले.

मधल्या काळात काय झालं ते सांगते. फोनपेच्या नोंदी काढल्या. सगळ्या सराफाच्याच खात्यावर आहेत, बायकोच्या एकही नाही. भावानं त्याच्या दुकानात जाऊन परवान्याचा फोटो काढला (तो स्वतःहून गेला, मी सांगितलं नव्हतं). कार्यक्षेत्र फक्त शहर लिहिलंय. आमचं गाव त्यात येत नाही.

तिसरी गोष्ट मला हादरवणारी होती. दुय्यम निबंधक कार्यालयात आमच्या आणि शेजारच्या गावाच्या सूची 2 चा शोध घेतला. 2017 पासून त्या बाईच्या नावावर आमची धरून सात खरेद्या निघाल्या. कुठं 20 गुंठे, कुठं 1 एकर, सगळ्या वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या. त्यातल्या दोघांना आण्णा ओळखतात. एक जण काही केल्या बोलायला तयार नाही. दुसऱ्या घरातला कर्ता माणूस आता नाही. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "तुम्ही अर्ज दिला तर माझाही द्या, मला फक्त लिहिता येत नाही."

आणि काल सराफाचा फोन आला. आवाज एकदम गोड. 5 लाखांत मिटवू म्हणतो, रान परत लिहून देतो, पण आधी पैसे आणि नंतर दस्त. भाऊ परत द्विधेत आहे. काय करावं? आणि त्या मावशींचा अर्ज आमच्यातच घ्यायचा की वेगळा?

---

सावकारी_टेबल (निवृत्त)

बाळ, सात खरेद्या सापडल्या म्हणजे तुझ्या अर्जाचं वजन पुष्कळ वाढलं. सराफाच्या बायकोनं आजूबाजूच्या दोन गावांत सात जणांचे तुकडे घेतले आणि एकाही ठिकाणी स्वतः कसत नाही, याचं उत्तर त्यांना चौकशीत द्यावंच लागेल. सात दस्तांच्या सूची 2 अर्जाला जोड. प्रत्येक ठिकाणी पीकपाहणीला नाव कुणाचं आहे ते ऑनलाइन सातबाऱ्यावर बघून एका कागदावर लिहून दे, अधिकाऱ्याचं काम सोपं होतं.

मावशींचा अर्ज वेगळा. व्यवहार वेगळा, दस्त वेगळा, तर अर्जही वेगळा असावा. त्या वारस आहेत, त्यांना अर्जाचा अधिकार आहे. त्यांच्या यजमानांचा मृत्यू दाखला आणि वारसांची नावं जोड. दोन्ही अर्ज एकाच दिवशी दे. दस्ताच्या तारखेवरून त्यांची 15 वर्षं मोज, 2017 चा असेल तरी वेळ आहे.

5 लाखांचं. त्याला द्यायचं काही उरलेलं नाही हे आधी भावाच्या मनात पक्कं कर. हातात पडले 3 लाख 80 हजार. 4 लाख धरले तरी 9 टक्क्यांनी चार वर्षांचं व्याज 1 लाख 44 हजार. मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख 44 हजार, आणि तुम्ही साडेसात दिलेत. हिशेबानं त्याच्याकडूनच यायचे आहेत. हा कागद भावाला स्वतःच्या हातानं मांडायला लाव. मी टेबलावर बसून अनेकांना तो मांडायला लावला आहे, आकडे स्वतः लिहिले की माणूस सावकाराशी वेगळ्या आवाजात बोलतो.

तरीही घरच्यांनी तडजोडच ठरवली तर तो तुमचा निर्णय. पण "आधी पैसे, नंतर दस्त" याला कधीही हो म्हणू नका. दुय्यम निबंधकांसमोर उलट खरेदीखत, त्याच टेबलावर चेक आणि स्टॅम्प परत, पैसे बँकेतून, आणि बाई स्वतः सहीला हजर. यातलं एक जरी नको म्हणाला तर बोलणी तिथंच थांबवा. माझं मत विचारशील तर अर्ज आधी दे. तुम्ही मिटवलंत तर तुमचं रान सुटेल, पण बाकीच्या सहा जणांचं तसंच राहील आणि ती फ्रेम दुकानात तशीच राहील. परवाना ठेवायचा की रद्द करायचा हे खातं तुमच्यासारख्याच्या लेखी तक्रारीवर ठरवतं, त्याच्या लख्ख दप्तरावरून काही ठरत नाही.

फोन आला की रेकॉर्ड करत जा. भेटायला बोलावलं तर दुकानात एकट्यानं जाऊ नका.

---

कडेगावचा_गडी

मला हे कलम माहीत नव्हतं. आमच्याकडच्या त्या दोघांना हा धागा पाठवलाय. त्यातल्या एकाचा दस्त 2011 चा आहे. दिवाणी दावा चालू असताना हा अर्ज देता येतो का, वकीलसाहेब?

---

अ‍ॅड_मिरज

दाव्यात नेमकं काय मागितलंय आणि आतापर्यंत काय आदेश झालेत ते बघितल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. पण 2011 चा दस्त असेल तर 15 वर्षांची मुदत संपत आलीय, कदाचित दस्ताच्या तारखेनुसार संपलीही असेल. त्यांना सांगा, माझी किंवा कुणाचीच वाट बघू नका. दस्ताची तारीख आजच काढा आणि त्यांच्या वकिलांना आजच फोन करा.

---

पूर्वभागची_लेक

सोमवारी अर्ज देतोय. भाऊ येतोय, सही त्याचीही आहे. मावशींचा अर्ज मी लिहून काढला, त्यांना दोनदा वाचून दाखवला, अंगठा घेतला. अंगठ्याखाली ओळखणाऱ्याची सही लागते का?

---

सावकारी_टेबल (निवृत्त)

हो, ओळखणाऱ्याचं नाव आणि सही घे, आणि "मजकूर वाचून दाखवला, समजला" असं खाली लिही. दोन्ही अर्जांच्या तीन-तीन प्रती ने. एक तालुक्याला, एक जिल्ह्याला, एक स्वतःकडे. तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस. "ठेवून जा, शिक्का नंतर देतो" म्हणाले तर थांब म्हणावं, मी बसते. आवक बारनिशीत नोंद झाली की अर्ज कुणाला गहाळ करता येत नाही. तो क्रमांक मिळाला की इथं कळव, पुढच्या तारखेची तयारी करू.